भेंडीच्या दोन तोड्यांमधली सहल

वाशीमच्या कपड्याच्या दुकानात मी खिशातून सुतळी काढून दिली, तेव्हा ती चुकीची सुतळी आहे हे मला माहीत नव्हतं. दुकानदाराने ती टेपला लावून मोजली. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा मोजली.

"काका, बाहत्तर इंच भरते. हे घेराचं माप आहे?"

"हो."

"कोणासाठी पाह्यजे म्हणाले?"

"घरी. मंडळीसाठी."

"पोहायचा ड्रेस या मापात येतच नाही काका. मंडपवाल्याकडे पाहा."

काउंटरमागच्या दोन मुलींनी तोंडाला ओढण्या लावल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खिशात दोन सुतळ्या होत्या. एक सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या बायकोच्या ब्लाउजवरून चोरून घेतलेली, आणि दुसरी भेंडीच्या वाफ्याची रुंदी आखायची, जी माझ्या खिशात बारा महिने असते. मी ब्लाउजची सुतळी काढून दिली. तिच्यावर ड्रेस मिळाला. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंत पाय झाकणारा, निळा. पण दुकानातून बाहेर पडताना मागून ऐकू आलं ते ऐकू आलंच: "बाहत्तर!"

हा उद्योग मी का करत होतो ते सांगतो.

आमचा मळा शेलूबाजारला लागून आहे. भेंडी, वांगी, कोथिंबीर, असा भाजीपाला आम्ही पिकवतो आणि मीच तो पिकअपमध्ये टाकून बाजारात नेतो. या उन्हाळ्यात लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर फर्मान काढलं की तुम्ही दोघांनी कुठेतरी फिरून यायचं, आणि तेही देवाला नाही. देव बाद झाल्यावर मला जागाच सुचेना. मी बायकोला विचारलं. ती ओसरीवर भेंडी निवडत बसली होती. निबर एकीकडे, कवळी एकीकडे.

"मले पोहायचं आहे," ती म्हणाली.

आणि निवडत राहिली. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण ती चोवीस वर्षं का पोहली नाही हे या घरात सगळ्यांत जास्त मलाच माहीत आहे.

ती आसेगावकडची. तिच्या वडिलांच्या मळ्यात मोठी विहीर होती, आणि त्या माणसाने पोरगा-पोरगी न पाहता सगळ्या लेकरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकललं होतं. ती विहिरीच्या काठावरून सूर मारायची आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. मला पोहता येत नाही. लग्न ठरताना हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, सगळे आंब्याखाली पडलेले पाहून ती एकटी आमच्या विहिरीवर गेली. लुगड्याचा काष्टा मारला. पाण्यात निसटून जाऊ नये म्हणून मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं, काठावर ठेवलं, शेजारी चपला ठेवल्या आणि उडी घेतली. दोन मिनिटांनी मी तिथे पोचलो. मला दिसलं ते एवढंच: चपला, रुमाल आणि रुमालातून बाहेर आलेले काळे मणी. सकाळीच मी वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सारलं होतं. माझ्या मनात आलं, एवढ्यावरून?

आत डोकावून पाहायचं सोडून मी ओरडलो. "धावा रे, बाईनं इहिरीत उडी घेतली!"

आमच्या भागात हे वाक्य एकदा ओरडलं की ते परत घेता येत नाही. शेजारच्या तीन मळ्यांतली माणसं दोर घेऊन धावली. कोणीतरी बाज आणली, चार कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडायला. आई पडत-झडत आली आणि काठावर बसून ऊर बडवायला लागली. त्या वेळी लग्न न झालेली माझी बहीण हळदीचा डबा घेऊन आली होती. हळद कशासाठी, हे तिला आजही सांगता येत नाही. आणि खाली, कपारीला धरून, नाकातोंडातलं पाणी झटकत, माझी बायको वर पाहत होती. तिला आभाळाऐवजी गोल डोकीच डोकी दिसत होती.

"काय झालं?" तिने खालून विचारलं.

संध्याकाळच्या आत बातमी आसेगावला गेली. दुसऱ्या दिवशी सासरे आले. पोरीला आम्ही काय केलं ते विचारायला. ती पोहत होती हे त्यांना एका वाक्यात कळलं, कारण त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण गावाला ते कधीच पटलं नाही. आणि आईने तिला समोर बसवून सांगितलं, "पुन्हा त्या इहिरीत पाय ठेवला तर तुले माही आण आहे." तिने मान हलवली. चोवीस वर्षं मोटर बिघडली की विहिरीत उतरणारे दुसरेच. ती काठाशी उभी राहून त्यांना पान्हा देते.

"आईची आण आहे नं तुला?" मी विचारलं.

"आण आपल्या इहिरीची आहे," भेंडीचं देठ मोडत ती म्हणाली. "जिल्ह्यातल्या सगळ्या पाण्याची नाई."

मग बेत सुरू झाला. आमच्या घरी सगळ्या बेतांचं पंचांग भेंडी ठरवते. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की ती निबर होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. मंगळवारी सकाळी तोडा, पुढचा गुरुवारी. म्हणजे मंगळवारी सकाळी नऊपासून बुधवारी रात्रीपर्यंत आम्ही मोकळे. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर कार्यक्रम लिहिला आणि चहाबरोबर तिच्यासमोर ठेवला:

मंगळवार. तोडा आटोपून निघणे. मालेगाववरून मेडशीकडचा तलाव. पोहणे. जेवण. वाशीम. शहर पाहणे. शहरातला पोहण्याचा तलाव. पोहणे. लॉजवर मुक्काम. बुधवार. आसेगाव. सासऱ्यांची विहीर. पोहणे. घर.

मला तो फार आवडला होता. तिने माझ्या कानावरचा पेन काढून घेतला.

"मेडशीले तुमची बहीण आहे. तिच्या दारावरून गेलो अन् चहाले थांबलो नाई तर वर्षभर आयकावं लागन. थांबलो तर जेवल्याशिवाय सोडन काय ती?"

"आपण गावात जायचंच नाही. बाहेरून तलावावर."

"हे पिकअप घेऊन? साऱ्या तालुक्याले ओळखू येते ते. बरं, राहू द्या." तिचा पेन पुढे सरकला. "वाशीम काय पाहायचं? हप्त्यातून दोनदा भाजी घेऊन जाता तुमी."

"मी जातो. तू कुठे जातेस?"

तिने पेन वाशीमवरून उचलला. "मंग ठेवा. पण भाजीमंडी सोडून दाखवा."

लॉजवर तिने आडवी रेघ मारली. रात्री तिथे पोहायचं असतं का, असं विचारून. माझ्या पंचविसाव्या वर्षाच्या काही कल्पना त्या रेघेखाली गेल्या. सासऱ्यांच्या विहिरीवर मात्र तिने रेघ मारायला वेळ घेतला. "भौले फोन केला होता मी. लोखंडी जाळी बसवली त्यानं. आता वाकून पाह्यलं की मोटर दिसते फक्त." आणि बुधवार सगळाच गेला.

शेवटी पुठ्ठ्याच्या तळाशी तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. तेवढीच तिची भर. "वरडायचं नाई."

शहरातल्या तलावावर मी फोन केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. बायकांची वेळ चार ते पाच, आणि साडीवर पाण्यात उतरू देत नाहीत. म्हणून तो ड्रेस, म्हणून ती सुतळी. ड्रेस घरी आणल्यावर तिने तो दार लावून घालून पाहिला आणि आतूनच म्हणाली, "पोतं शिवल्यासारखं वाटते." मग थोड्या वेळाने, "पण हात वर जातात." मी बाहेर उभा राहून समाधान मानलं.

आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. "मले खोटं जमत नाई, तुमीच बोला," असं म्हणून ती गाडीत जाऊन बसली. आई ओसरीवर जपमाळ घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं की बियाणं पाहायला चाललो.

"दोघंही?" आईने विचारलं.

"दोघंही."

"बरं," ती म्हणाली, आणि गाडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तोडा आटोपून माल शेजाऱ्याच्या गाडीत चढवायला साडेनऊ वाजले, पिकअप धुवायला दहा. धुतलं तरी आतला कोथिंबिरीचा वास जात नाही. महामार्गावर लागल्यापासून मालेगावपर्यंत चार जणांनी हात दाखवला. रिकामी गाडी पाहिली की आमच्याकडे माणसाला तिची दया येते. एकाला तर कांद्याची सहा पोती टाकायची होती. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग रिकामी कायले फिरवून राह्यले?" मी गिअर टाकला. बायको खिडकीबाहेर पाहत हसत होती.

मेडशीकडच्या तलावावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. पाणी बरंच मागे सरलं होतं. काठावर पोहायला मनाई असल्याची पाटी होती आणि पाटीच्या सावलीत एक म्हैस बसली होती. मी पाटीचा अर्थ लावू लागलो, की ही पाटी वस्तीच्या बाजूला आहे, पलीकडच्या बाजूला ती लागू नसेल. बायकोने चप्पल काढली, पाऊल पाण्यात टाकलं, अंगठ्याने तळ दाबला आणि काढून घेतलं.

"गाळ आहे. पाय धरते हा."

"एवढ्यात कळलं?"

"तुमाले मातीत हात घातला की कळते नं वल किती आहे ते?"

विषय संपला. आम्ही काठावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. तिने पुन्हा पाण्याकडे पाहिलं नाही, आणि मला जरा भीती वाटली. आता उरलं होतं एकच पाणी आणि एकच तास. चार ते पाच.

मेडशीचा एसटी थांबा रस्त्यावरच आहे. मी गाडीचा वेग वाढवला होता, मान सरळ ठेवली होती, आणि तरीही थांब्याच्या शेडखालून हात आला. बहीण होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, वाशीमला जायला एसटीची वाट पाहत.

"दादा! मले वाटलंच हे आपलं पिकअप. काऊन रे, इकडं कुठं आला?" ती दार उघडून आत आलीसुद्धा. आम्हा दोघांच्या मध्ये बसली. जोडप्याची सहल तिथपर्यंत टिकली.

"बियाणं पाहायला," मी म्हणालो.

"मेडशीत? बियाणं?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "काय वं वैनी?"

"पोहायले चाललो," बायको म्हणाली. "वाशीमच्या तलावात."

मला स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागलं. बहीण पदर सावरून समोरच्या रस्त्याकडे पाहत बसली. मालेगाव आलं, गेलं. आता ती संध्याकाळी फोन लावेल आणि आम्ही घरी पोचायच्या आत आई ओसरीवर उभी असेल, हे चित्र मला दिसत होतं. बायकोने पिशवी घट्ट धरली होती. ड्रेस तिच्यात होता.

"मी हळद घेऊन आलती त्या दिवशी," बहीण एकदम म्हणाली.

"माहीत आहे," बायको म्हणाली.

"कायले आणली काय माहीत बाप्पा. हाताले तेच लागलं." मग ती हसायला लागली, बायकोही, आणि दोघी इतक्या हसल्या की मला गिअर टाकायला जागा उरली नाही. हसू विषयावरून माझ्यावर कधी आलं ते कळलं नाही. "हा कसा वरडला होता वं! मले वाटलं वाघच आला."

वाशीमला एसटी स्टँडसमोर ती उतरली. दार लावताना आत वाकून म्हणाली, "आईले मी काही सांगत नाई. पण वैनी, केस वाळवून घरी जाजो. त्या बुढीले वल्ल्या केसाचा वास लागते."

तीन वाजले होते. ठरल्याप्रमाणे मी शहर दाखवलं. भाजीमंडी सोडून शहर दाखवायचं म्हणजे मला दोनदा रस्ता चुकावा लागला, कारण माझी गाडी आपोआप तिकडेच वळते. रसवंतीत दोन ग्लास रस घेतला. तिने भांड्यांचं दुकान बाहेरून पाहिलं, एका जुन्या तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याचा रंग पाहिला. "हे देवाचं आहे, पाहायचं फक्त," म्हणाली आणि पुन्हा वर आली. तिचं लक्ष माझ्या घड्याळाकडे होतं. पावणेचारला तिने मला विचारलं, "आता?" पंचवीस वर्षांत तिने कुठेही जाण्यासाठी अशी घाई केल्याचं मला आठवत नाही.

तलावाच्या भिंती उंच होत्या. फाटकातून बायका आत गेल्या, शिकवणाऱ्या बाई गेल्या, आणि आमची मंडळी निळा ड्रेस असलेली भाजीची पिशवी घेऊन गेली. मंगळसूत्र तिने फाटकातच काढलं, रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याजवळ ठेवा. काठावर ठेवत नाई आता."

मी लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. चौकीदार आला.

"काका, बायकांच्या टायमाले इथं बसू नका."

"आमची मंडळी आत आहे."

"असू द्या नं. तुमाले येते काय पोहता?"

"नाही."

"मंग आत काही झालं तर तुमी काय करसान?"

"ओरडीन," मी म्हणालो. तोंडातून सवयीने निघून गेलं. चौकीदाराने मला बसू दिलं. बहुतेक असा माणूस निरुपद्रवी वाटला असावा.

भिंतीपलीकडून आवाज येत होते. हसणं, शिट्टी, पाण्यात धप्पकन पडणं. धप्प झाल्यावर मी मोजायचो. वर आल्याचा आवाज कसा असतो ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे माझं मोजणं कुठे थांबवायचं ते कळेना. एकदा मी साठपर्यंत गेलो आणि उठून उभा राहिलो. मुठीत रुमाल, रुमालात मणी. आत काय चाललंय हे मला त्या दिवशीही दिसत नव्हतं आणि आजही दिसत नव्हतं. फरक इतकाच की त्या दिवशी वाकून पाहता आलं असतं. मी पुन्हा बसलो.

पाच वाजता शिट्टी झाली. बायका बाहेर येऊ लागल्या. ओले केस, टॉवेल, पोरींची बडबड. मी प्रत्येकीकडे पाहत होतो आणि प्रत्येकीने पाहू नये असं वाटत होतं. पाच पाच झाले. शिकवणाऱ्या बाईही बाहेर आल्या आणि फाटकाशी चौकीदाराशी बोलू लागल्या. आतून आता काहीच आवाज येत नव्हता. माझं तोंड उघडलं होतं, हे मी कबूल करतो. 'धावा रे' जिभेवर आलं होतं. पण मी फाटकापाशी गेलो आणि चौकीदाराला कानात सांगावं तसं म्हणालो, "भाऊ, आमची मंडळी बाहेर आली नाही."

"निळा ड्रेस?" बाईंनीच विचारलं. "त्या कपडे बदलतायत. कुठे शिकल्या हो त्या? तळाला जाऊन आल्या."

"विहिरीत," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच हळू निघाला.

पाच दहाला ती आली. साडी नेसलेली, केस मोकळे, डोळे लाल. रुमाल मागून घेतला, मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि गाडीकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली, केस वाळावेत म्हणून. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीनची मोकळी, नांगरलेली रानं आली.

"उशीर का केलास?" मी विचारलं.

"मी दाराच्या आत उभी होती. लुगडं केव्हाच नेसलं होतं. म्हटलं, आता वरडते हा माणूस, मंग वरडते."

"आणि ओरडलो असतो तर?"

"तर मंग झालंच होतं." ती केस झटकत राहिली, पाण्याचे थेंब माझ्या हातावर उडाले. शेलूबाजारची पहिली घरं दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "उद्या भेंडी नाई. आज घरी गेलं की आईजवळ बसा, बियाण्याचं खरं काय ते सांगा, अन् त्यायची आण सोडवून घ्या. मी नाई मागत. त्या दिवशी वरडले तुमी होते."